बारा गाठींची दोरी

एका राज्यात, जिथे पक्षी मनात येईल ते बोलत आणि दरबारी मात्र विचारूनच बोलत, पृथुसेन नावाचा राजा होता. त्याच्या पदरी गोंदाजी नावाचा शिंपी होता. राज्याची रीत अशी, की दर वाढदिवसाला शिंप्याने रेशमी दोरीने राजाच्या कमरेचं माप घ्यावं आणि माप भरेल तिथे त्या वर्षाची गाठ मारावी.

राजाने चाळिशी ओलांडली त्या वर्षी माप एक बोट पुढे सरकलं. राजाने विचारलं, "किती भरलं?" गोंदाजीने पहारेकऱ्यांच्या तलवारींकडे पाहिलं आणि म्हणाला, "होतं तेवढंच, महाराज." गाठ जुन्याच जागी मारली. अंगरखा घरी नेऊन गुपचूप उसवला आणि सैल केला. असं बारा वर्षं चाललं. गाठीवर गाठ बसून दोरीत बोराएवढा गोळा झाला. आपलं शरीर इतरांसारखं नाही, अशी राजाची खात्री पटली.

मग एका दसऱ्याला मिरवणुकीसाठी चिलखत काढलं. ते बंद होईना. चिलखत लोखंडाचं, इतकी वर्षं राजवाड्यात राहूनही त्याला खुशामत शिकता आली नव्हती.

राजाने कालकंठ जादूगाराला बोलावलं. "आम्हांला म्हातारपण नको."

"येणार नाही," कालकंठ म्हणाला. "पण ती मापाची दोरी मला द्या. जिच्यात बारा वर्षं एकाच जागी उभी आहेत, तिच्यात काळ बांधून ठेवणं सोपं."

राजाने दोरी दिली, आणि राज्यातला काळ थांबला.

लोकांना आधी आनंद झाला. मग कळलं, की ज्याचं जे होतं ते तिथेच थांबलं आहे. हलणारा दात पडेना, नुसता हलतच राहिला. कैरीचा आंबा होईना. दोन वर्षं प्रजेने लोणचंच खाल्लं. कणसात दाणा भरेना. आणि गोंदाजीची लेक सगुणा, बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा महिना भरूनही तशीच राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "आणखी थोडे दिवस गेले, तर हे आतूनच मला उलट उत्तरं देईल." ती हसली, पण तिचे ओठ पांढरे पडले होते, आणि सुईण गोंदाजीची नजर चुकवत होती.

तेवढ्यात कुंपणावर एक भारद्वाज येऊन बसला. "शिंपीबुवा, ती दोरी कालकंठाच्या काळडोंगरात आहे, तीन दारांच्या आड. दारं प्रश्न विचारतात. खोटं बोलेल त्याचा दगड होतो. म्हणून तुमची जरा काळजी वाटते."

गोंदाजी निघाला. पूर्वी तो डोंगर एका दमात चढे. आता तीनदा बसला, आणि तिन्ही वेळा दम लागल्याचं कुणाला कळू नये म्हणून चपलेतला नसलेला खडा काढला.

पहिल्या दाराशी, आधी दोरी आणायला आलेला राज्याचा सेनापती दगड होऊन उभा होता. मिशांचा कलप दगडातही शाबूत होता.

दाराने विचारलं, "वयाने तुझं काय नेलं?"

सेनापती काय म्हणाला असेल ते गोंदाजीला न सांगताच कळलं. तो म्हणाला, "चार दाढा. सुई ओवायची नजर. आता सुई हातभर लांब धरतो, तरी दोरा तिच्या शेजारून जातो. जिना उतरताना मोकळे असायचे ते हात. आणि भांडण संध्याकाळपर्यंत लक्षात ठेवायची ताकद."

दार उघडलं. दुसऱ्याने विचारलं, "वयाने तुला काय दिलं?"

"कानात केस. दाराची कडी दोनदा बघायची सवय. एकच गोष्ट त्याच माणसाला पुन्हा सांगायची सवय, आणि ऐकणारा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करतो, तेव्हा त्याच्यावर जडणारी माया."

तिसऱ्याने विचारलं, "वयाने तुझ्याजवळ काय ठेवलं?"

गोंदाजीने उजवा अंगठा पुढे केला. पन्नास वर्षं कात्री धरून त्यावर खळगा पडला होता. "हा हात. डोळे मिटून चिमटीत कापड धरलं, तर ते कोणत्या मागावरचं ते सांगतो. तरुणपणी याला हे येत नव्हतं."

दार उघडलं. आत कालकंठ बसला होता. तीनशे वर्षांचा, पण गालावर सुरकुती नाही, की हसल्याची खूण नाही. त्याने दोरी पुढे केली.

"घेऊन जा. पण एकेक गाठ राजासमोर सोडावी लागेल आणि खरं माप सांगून पुन्हा मारावी लागेल. याहून लहान गुन्ह्यांसाठी तिथे मुंडकी उडाली आहेत."

"ठाऊक आहे," गोंदाजी म्हणाला. "त्यांच्या अंगरख्यांचे गळे मीच बेतले होते."

दरबार भरला होता. गोंदाजीने दोरी पुढे ठेवून सारं सांगितलं.

"बारा वर्षं खोटं बोललास?" राजाने विचारलं. "का?"

"पहिल्या वर्षी भीतीने, महाराज. पुढे सवयीने."

राजाचा हात तलवारीवर गेला.

"मान माझी आहेच," गोंदाजी म्हणाला. "पण आधी गाठी सोडू द्या. माझी लेक अडली आहे."

राजाने दोरीकडे बोट दाखवलं. गोंदाजीला गाठी दिसत नव्हत्या. त्याने डोळे मिटले आणि बोटांना काम करू दिलं.

"पहिली. एक बोट जास्त. त्या वर्षी शेजारच्या राजाशी तह झाला, घोड्यावरची धावपळ थांबली. दुसरी. आणखी अर्धं बोट. राजकन्या जन्मली, गावोगावच्या पेढ्यांना महाराज नाही म्हणाले नाहीत." गाठी सुटत होत्या, खऱ्या जागी बसत होत्या. "सातवी. दोन बोटं कमी. तो दुष्काळ. महाराज वर्षभर एक वेळ जेवले. कुणाला सांगितलं नाही, पण अंगरख्याला कळलं. मी तेही लपवलं, महाराज. माझ्या खोटेपणात तुमचं तेवढं मोठेपणही बुडालं."



"तुला हे सगळं आठवतं?" राजाने हळूच विचारलं.

"सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. हे आठवतं."

तलवारीवरचा हात खाली आला. राजा उठला, दोन्ही हात बाजूला पसरून उभा राहिला. "बारावी आमच्या अंगावर घे. खरी."

गोंदाजीने दोरी गुंडाळली. "पाच बोटं जास्त, महाराज. आणि सुरेख माप आहे. वीस वर्षांच्या राज्याला एवढा घेर हवाच."

गाठ बसली. राजाच्या अंगरख्याचा बंद तुटला. कानशिलावरचे केस रुप्यासारखे झाले. बागेतल्या कैऱ्या पिवळ्या पडल्या, शेतात दाणा भरला. डोंगरावर सेनापती हलला, आणि त्याचा कलप उतरला. भारद्वाज खिडकीत येऊन म्हणाला, "शिंपीबुवा, मुलगी झाली. आवाज मोठा आहे. सगुणा बरी आहे आणि तुमच्यावर रागावली आहे."

गोंदाजी मटकन खाली बसला. राजाही सिंहासनावर टेकला.

"आता शिक्षा," राजा म्हणाला. "नवा अंगरखा शिव. दोन बोटं सैल."

"तीन ठेवतो, महाराज. पुढच्या वर्षासाठी."

नातीला पाहायला जायचं म्हणून गोंदाजी गुडघ्यावर हात टेकून उठला आणि सवयीने म्हणाला, "अगं आई गं." त्याच क्षणी सिंहासनावरून उठणाऱ्या राजाच्या तोंडूनही तेच निघालं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या दरबारात पहिल्यांदाच राजा आणि शिंपी एकाच गोष्टीला हसले.

बारा गाठी सुटल्या, बारा गाठी बसल्या. दोरी राजवाड्यात राहिली, गोष्ट तुमच्याकडे आली.