गिरजेची झोळी

भाविकहो, ज्या साली बोरखडीला तापाची मोठी साथ आली, त्या सालची ही गोष्ट. साथ गेली, पण जाताना गावातली लेकरे वेचून घेऊन गेली. दिवेलागणीला ज्या गल्लीत अंगाईचे सूर ऐकू यायचे, तिथे आता कुत्रेसुद्धा भुंकेना. अशा उदासवाण्या दिवसांत आपले चिंधे महाराज गावात आले आणि नदीकाठच्या महादेवाच्या ओवरीत राहिले. अंगावर चिंध्या जोडून शिवलेली एक गोधडी, हातात करवंटी, एवढाच संसार. महाराजांनी कधी कोणाला उपदेश केला नाही की अंगारा दिला नाही. त्यामुळे गावाने त्यांना वेड्यातच काढले.

त्यांना रोज न चुकता भाकरी नेऊन देणारी एकच बाई होती, तुळशीराम कोष्ट्याची बायको गिरजा. तिचा पहिलावहिला मुलगा त्याच तापात गेला होता. सव्वा महिना होऊन बाळंतीण घराबाहेर पडते ना, त्याच्या आदल्या दिवशी गेला. शेवटच्या रात्री तर त्याला क्षणभरही झोप लागली नव्हती. हिने जुन्या लुगड्याची झोळी आढ्याला बांधली होती, ती रात्रभर हलवली, आणि पहाटे झोळीतले रडणे थांबले तेव्हा हिला वाटले, निजला एकदाचा.

त्या दिवसापासून गिरजेच्या डोळ्यांत टिपूस आले नाही. घरातले सगळे काम ती मुकाट्याने करी. पण दिवे लागले की रिकाम्या झोळीपाशी बसे, दोरी हातात घेई आणि हलक्या आवाजात म्हणे,

नीज रे सोन्या, नीज रे राया,
अंधार बसला राखण कराया.

आता रिकामा पाळणा हलवू नये, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक! शेजारणी टोकत, तुळशीराम कळवळून म्हणे, "अगं, पुरे कर आता." तिलाही ते कळे, पण वळत नसे. शेवटी एक दिवस भाकरी देताना तिने महाराजांपुढे मन मोकळे केले.

"महाराज, माझा हात थांबत नाही हो. लोक म्हणतात, मला वेड लागलं."

महाराज भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबले. म्हणाले, "थांबत नाही, तर थांबवू नकोस, माय. वेळ आली की मी सांगीन."

एवढ्या शब्दांवर गिरजेने विश्वास टाकला. लोक काय वाटेल ते बोलोत, तिची झोळी रोज हलत राहिली.

गिरजेच्या खोपटाच्या मागे हातभर बोळ आणि बोळापलीकडे पाटलांची माडी. पाटलीण सगुणाबाई म्हणजे मोठे प्रस्थ! तिची लेक गोदावरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगा झाला, आणि बाळंतिणीची खोली नेमकी त्या बोळाच्या अंगाला. मूल मोठे गुणी निघाले. दिवेलागणीला निजे ते दूध पिण्यापुरते जागे होई आणि पुन्हा गाढ झोपी जाई. सगुणाबाईंना तर आकाश ठेंगणे झाले.

"रात्रभर हूं नाही की चूं नाही," त्या पाणवठ्यावर सांगत. "वेखंड लावावं तर आम्ही, धुरी द्यावी तर आम्ही. ज्यांना सांभाळता येत नाही, त्यांची पोरं जगतील कशी?"

गिरजा तिथेच घागर भरत होती, आणि तिला ऐकू जावे म्हणूनच ते बोलणे होते. ती मान खाली घालून निघून आली.

पुढे बारशाच्या दिवशी कोणा पाहुणीने सगुणाबाईंचे कान भरले. "बाई, तुमच्या भिंतीमागे ती रिकामी झोळी हलवते म्हणे. हे काही बरं नव्हे हो, घरात तान्हं असताना!" झाले! सगुणाबाई तशाच भरजरी लुगड्यानिशी, हातात विळा घेऊन गिरजेच्या दारात आल्या. मागे दोन गडी.

"गिरजे, तुझं तर गेलं, आता माझ्या नातवावर टपलीस होय गं?"

"नाही हो पाटलीणबाई! देवाशपथ नाही. महाराजांनीच सांगितलंय..."

"कोण महाराज? तो चिंध्या पांघरणारा? स्वतःला दुसरं धडुतं मिळत नाही आणि निघाला लोकांची दुःखं निवारायला!" सगुणाबाई खो खो हसल्या. त्यांनी विळ्याने खसाखसा दोर कापला आणि झोळीचे लुगडे गड्याच्या अंगावर फेकले. "नदीत सोड हे. आणि ऐक गं, यापुढे तुझं ते गाणं माझ्या कानावर आलं, तर या गावात राहणं विसर."

लुगडे नदीला गेले. त्या लुगड्याला अजून बाळाचा वास येत असे, हो! गिरजा धावत ओवरीत गेली आणि महाराजांपुढे मटकन बसली. तिने सगळे सांगितले. महाराजांनी नदीकडे पाहिले.

"आता त्याला कोण निजवणार?" ते एवढेच म्हणाले.

गिरजेला वाटले, महाराज तिच्याच बाळाविषयी बोलताहेत. ती जड पावलांनी घरी आली.

भाविकहो, त्याच रात्री पाटलांच्या नातवाने रडायला सुरुवात केली. आधी सगळ्यांना वाटले, बारशाच्या गडबडीत दृष्ट लागली असेल. मीठमोहऱ्या ओवाळल्या, मिरच्या जाळल्या. मग पोट दुखत असेल म्हणून ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकले. तालुक्याचा वैद्य आला, घुटी देऊन गेला. गंडे झाले, दोरे झाले. सगुणाबाईंनी जावयाकडून आलेला रंगीत पाळणा टाकून शिसवी पाळणा आणवला. मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरत राहिले, पण डोळ्याला डोळा लागेना. दिवस उलटत गेले तसे त्याने दूध तोंडात धरायचेही सोडले. टाळू खोल गेली, आवाज बसला. गोदावरी भिंतीला टेकून शून्यात बघत बसे. वैद्य दुसऱ्यांदा आला तो हात हलवत परत गेला.

बोळाच्या अलीकडे गिरजा ते रडणे ऐकत होती. ते रडणे तिच्या ओळखीचे होते. तिच्या बाळाचा आवाज शेवटी असाच चिरकला होता. ती पदर तोंडात कोंबून अंधारात बसे आणि हात आपोआप हवेत मागेपुढे होत राही. तुळशीराम तो हात धरून ठेवी. "गप राहा. त्यांचं ते बघतील," तो म्हणे आणि तोंड फिरवून डोळे पुसे.

एका रात्री ते रडणे इतके क्षीण झाले की कान देऊन ऐकावे लागे. गिरजेने देव पाण्यात घातले. "देवा, माझं नेलंस ते नेलंस. ते लेकरू राख. त्या माउलीला माझे दिवस दाखवू नकोस." इतक्यात दारात कोणी उभे राहिले. पाहते तो साक्षात महाराज! ओवरी सोडून कधी कोणाच्या उंबऱ्याशी न आलेले महाराज, थंडीत कुडकुडत उभे!

"गिरजे, झोळी बांध."

"कशाची बांधू, महाराज? लुगडं तर नदीला गेलं."

महाराजांनी अंगावरची गोधडी काढली आणि तिच्या हातात दिली. उघड्या अंगाने ते भिंतीशी बसले.

"महाराज, पाटलीणबाईंनी दटावलंय. आणि रिकामी झोळी हलवल्यानं त्या लेकराला काही झालं तर?"

"रिकामी आहे की भरलेली, ते तुझा हात सांगेल. हलव तू."

तुळशीरामने गोधडी आढ्याला बांधली. गिरजेने दोरी हातात घेतली, डोळे मिटले आणि झोका दिला. आणि काय सांगावे! दोरीला ओढ लागली. आत मूल असले म्हणजे लागते तशी, ओळखीची ओढ. इतक्या महिन्यांत रिकामी झोळी तिच्या हाताला कधी अशी लागली नव्हती. तिच्या तोंडून शब्द आपोआप बाहेर पडले, "नीज रे सोन्या, नीज रे राया..."

बोळापलीकडचे रडणे अडखळले. मग हुंदके उरले. मग तेही थांबले.

माडीत एकच हंबरडा उठला. रडणे थांबले म्हणजे सगळे संपले, असेच सगुणाबाईंना वाटले. पण गोदावरीने मुलाच्या छातीवर हात ठेवला आणि ती पुटपुटली, "आई, झोपलाय गं. श्वास चाललाय त्याचा." आणि त्या शांततेत सगुणाबाईंना भिंतीमागचे गाणे ऐकू आले.

कंदील घेऊन त्या गिरजेच्या दारात आल्या. अजूनही ताठा गेला नव्हता! "गिरजे, तुला बजावलं होतं ना?" असे म्हणत त्यांनी पुढे होऊन झोळी हाताने धरून थांबवली.

त्याच क्षणी पलीकडे मूल कळवळून रडले.

सगुणाबाईंचा हात चटकन सुटला. झोळी हलली, रडणे विरले. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी पुन्हा झोळी धरली, पुन्हा तेच. तेव्हा त्यांनी कंदील वर करून आत पाहिले. गोधडीच्या चिंध्यांवर कोणी नव्हते. पण मधोमध, तान्हे मूल निजल्यावर पडतो तसा खळगा पडला होता, आणि त्यांनी बोट लावले तर तो खळगा ऊबदार लागला.

"रिकामी म्हणून कापलीस ना?" महाराज म्हणाले. "तुझा नातू जन्मल्या रात्रीपासून हिच्याच गाण्यानं झोपत होता. तू त्याचीच झोप नदीत सोडलीस."

सगुणाबाई महाराजांच्या पायांवर कोसळल्या. महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझे पाय कशाला? ती समोर बसलीय बघ. आपलं पोर पुरून आलेली बाई तुझ्या नातवाला जोजवत होती, आणि तू तिला काय नाही ते बोललीस."

पण गिरजेचे कशाकडेच लक्ष नव्हते. ती झोका देत होती, गात होती. पहाट होत आली. नदीवरून गार वारे सुटले. महाराज उठले, तिच्याजवळ आले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"गिरजे, आता हात थांबव, माय."

"नको हो महाराज. थांबवला तर तो उठेल."

"नाही उठायचा. दोन्ही लेकरं निजली. तुझंही निजलं, शांत निजलं. त्याला आता झोका लागत नाही."

गिरजेने महाराजांच्या तोंडाकडे पाहिले. वेळ आली की सांगीन म्हणाले होते, ती वेळ ही होती. दोरीवरची तिची बोटे एकेक करून सुटली. झोळी हलकी होत होत थांबली. सगळ्यांनी श्वास रोखून कान दिले. पलीकडे शांतच होते. मूल गाढ झोपले होते.

आणि मग, तिचा मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा, गिरजा रडली. केवढी रडली! आतडे पिळवटून, नाव घेऊन घेऊन रडली. तुळशीराम तिला धरून बसला होता, तोही रडत होता. त्या रडण्यातच कधीतरी महाराज उघड्या अंगाने गावाबाहेर निघून गेले, ते बोरखडीला पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

उजाडल्यावर शेजारणी जमल्या, तेव्हा त्यांनी पाहिले. सगुणाबाई पाटलीण, जिने देवळातही कधी कोणाला वाट दिली नाही, ती कोष्ट्याच्या खोपटात मातीच्या जमिनीवर, गिरजेच्या पायांवर डोके ठेवून पडली होती. गिरजा तिला उठवू पाहत होती आणि ती उठत नव्हती.

"गिरजे," ती म्हणत होती, "तुझ्या बाळाचं नाव काय गं होतं? मी कधी विचारलंच नाही."