दोन प्रार्थनांमधला उशीर

तालुक्याच्या एका गावी, नदीच्या अलीकडे, ख्रिस्ती लोकांचे जुने दगडी उपासनामंदिर होते. तिथल्या मंडळीला एकदा एक तरुण साहाय्यक पाळक मिळाला. ईश्वरविज्ञानाचे शिक्षण नुकतेच पुरे करून तो आला होता, पण शिकण्याची हौस फिटली नव्हती, म्हणून तिथल्या वृद्ध पाळकांना त्याने मनोमन गुरू मानले. वृद्ध पाळकांना सारे ‘साहेब’ म्हणत. साहेब कमी बोलत, आणि बोलले तरी ‘मला आपले असे वाटते’ एवढे शेवटी जोडीत. त्यामुळे ते आज्ञा करत आहेत की शंका विचारत आहेत, हे शिष्याला पुष्कळदा उमगत नसे.

त्या मंडळीची रविवारची सकाळ म्हणजे एक गोंधळ होता. मंदिर एक आणि त्याला लागून पडवी एक. एवढ्या जागेत वृद्धांची प्रार्थना, मुलांचे संडेस्कूल, तरुणांच्या गाण्यांचा सराव आणि महिला मंडळाची बैठक, सारे मुख्य उपासनेच्या आधी उरकायचे. मुले गलका करीत तेव्हा म्हाताऱ्यांना बायबलचे वचन ऐकू येत नसे. तरुणांची गिटार सुरू झाली की महिला मंडळाला एकमेकींचे बोलणे ऐकू येत नसे, आणि हे दुःख अधिक मोठे होते. सलोमीबाई नावाच्या एक वृद्धा होत्या, डोळ्यांनी अधू पण जिभेने धडधाकट. त्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारीत, “हे देवाचं घर हाय का एष्टी स्टँड?”

भांडणे इतकी वाढली की दोन घरांनी येणे सोडले. तेव्हा साहेबांनी शिष्याला वेळापत्रक बसवण्याचे काम दिले.

शिष्याने ते मन लावून केले. तो घरोघर गेला, प्रत्येकाची सोय विचारली, कुणाची शाळा, कुणाची कामाची पाळी, कुणाच्या घरी पाणी केव्हा येते हेही ध्यानात घेतले. महिला मंडळ बुधवारी दुपारी गेले, तरुण शनिवारी संध्याकाळी. रविवारी आठ वाजता वृद्धांची प्रार्थना, ती संपली की नऊला मुले, आणि त्यानंतर सर्वांची उपासना. कुणाचा पाय कुणाच्या पायात येणार नाही असे ते पत्रक होते. मंडळीचे चिटणीस उजगरे यांनी ते फळ्यावर लावले आणि वर्षानुवर्षे न सुटलेला गुंता या मुलाने सोडवला असे चारचौघांत सांगितले. रागावून गेलेली घरे परत आली. शिष्याला समाधान वाटले, आणि ते खोटे नव्हते.

मात्र थोड्याच रविवारांनंतर एक विचित्र गोष्ट घडू लागली. वृद्धांची प्रार्थना साहेब स्वतः चालवीत. ज्यांच्या उपदेशावर लोकांनी आयुष्यभर घड्याळे लावली, ते साहेब आता नऊ वाजून गेले तरी प्रार्थना संपवीनात. मुले दाराशी येऊन थांबत. साहेब त्यांना हातानेच आत बोलावीत. मुले बाकांवर म्हाताऱ्यांच्या मध्ये जागा करून बसत, कुजबुज सुरू होई, आणि साहेब डोळे मिटून, काही न बोलता, पुढे नुसते उभे राहत. कितीतरी वेळाने ते ‘आमेन’ म्हणत. तोवर संडेस्कूलचा चांगला पाव तास गेलेला असे. शिष्य दारात घड्याळ पाहत उभा राही आणि त्याचे कान तापत.

आधी त्याला वाटले की साहेबांना भान राहिले नसेल. त्याने अदबीने आठवण केली. साहेब म्हणाले, “हो, उशीर होतो खरा.” आणि पुढच्या रविवारी पुन्हा उशीर केला.

मग लोक बोलू लागले. उजगरेंनी शिष्याला बाजूला घेऊन सांगितले की साहेबांचे आता वय झाले, रविवारचा उपदेश तुमच्याकडे आलाच आहे, तेव्हा ही प्रार्थनाही येत्या बैठकीत तुमच्याकडे घेऊ. मंडळीचे पंच तुमच्या शब्दावर निर्णय देतील. तुम्ही एवढेच सांगा की साहेबांना विश्रांतीची गरज आहे.

शिष्याला हे पटले, आणि पटले याचेच दुःख झाले. साहेबांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षे झाली होती, मुलेबाळे नव्हती. सेवा म्हणावी अशी ती एकच प्रार्थना त्यांच्या हाती उरली होती. ती काढून घ्यायची तर निदान पाठीमागून नको, असे ठरवून तो बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी गेला.

साहेब अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी अर्धी परडी शिष्यापुढे सरकवली. शिष्याने सारे सांगून टाकले, उजगरेंचे बोलणेही आणि स्वतःला ते पटल्याचेही. साहेब रागावले नाहीत. त्यांनी विचारले, “पूर्वी मुलं वर्गात जाण्याआधी पायऱ्यांवर काय करायची, पाहिलं होतंस?”

“दंगा करायची, साहेब.”

“दंगा तर होताच. पण दर रविवारी त्यांना बायबलमधलं एक सुवर्णवचन पाठ करून यावं लागतं. ते संडेस्कूलच्या बाईंपुढे म्हणायच्या आधी पोरं पायरीवरच्या म्हाताऱ्यांना म्हणून दाखवायची. म्हातारे चुका काढायचे. सलोमीबाई तर पोराला चार वेळा म्हणायला लावायच्या आणि मग खडीसाखर द्यायच्या. त्यांना वाचता येत नाही आता. आठवडाभर मनात घोळवायला त्यांना मिळणारं वचन तेवढंच.”

शिष्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. “पण मी सर्वांना विचारलं होतं. सलोमीबाईंकडे तर दोनदा गेलो. त्या म्हणाल्या, पोरांचा त्रास तेवढा काढ.”

“खरंच सांगितलं त्यांनी. त्रास होताच.” साहेबांनी आणखी एक शेंग फोडली. “तू प्रत्येकाला त्याचा कार्यक्रम विचारलास. पायरीवर चालायचं त्याला कुणी कार्यक्रम म्हणत नव्हतं, मग ते तुला सांगणार कोण? माणसं एकमेकांच्या अंगावर येतात तेव्हा भांडतात, आणि तेव्हाच शेजारीही होतात. तुझ्या पत्रकानं भांडण काढलं, फार चांगलं झालं. शेजार त्याच्याबरोबर गेला. म्हातारे गेल्यावर मुलं येऊ लागली. म्हणून मी उशीर करतो. दोघांना एका बाकावर बसवायला मला दुसरं काही सुचलं नाही. कदाचित हे चूकही असेल. म्हातारपणाची हट्टी खोड असेल. मला आपले असे वाटते.”

शिष्य म्हणाला की मग तो पाव तास पत्रकातच लिहून टाकू.

“लिहिलास तर त्याला प्रमुख नेमावा लागेल,” साहेब म्हणाले, “आणि प्रमुख नेमला की उजगरे त्याचा अहवाल मागतील.” दोघेही हसले.

दुसऱ्या दिवशी बैठकीत उजगरेंनी विषय काढला आणि सर्वांनी शिष्याकडे पाहिले. तो म्हणाला की साहेबांना विश्रांतीची गरज नाही. चूक पत्रकात होती. त्याने दोन कार्यक्रमांच्या वेळा एकमेकींना इतक्या घट्ट लावल्या की मध्ये माणसाला माणूस भेटायला जागा उरली नाही. ती जागा साहेब स्वतःवर बोल घेऊन करून देत आहेत. संडेस्कूलच्या बाईंची हरकत नसेल तर प्रार्थना साहेबांकडेच राहावी, आणि ती लांबली तर लांबू द्यावी. बाई म्हणाल्या की हरकत कसली, अलीकडे मुलांची वचने पुन्हा चोख येऊ लागली आहेत, कारण मात्र त्यांना ठाऊक नव्हते. उजगरेंनी चष्मा काढून पुसला आणि पुढचा विषय घेतला.

त्या रविवारी नऊ वाजून गेले तेव्हा शिष्य दारात थांबला नाही. मुलांच्या मागोमाग तोही आत गेला आणि मिळेल त्या बाकावर बसला. शेजारी सलोमीबाई होत्या. त्यांनी अंधुक नजरेने त्याच्याकडे पाहिले, हाताने त्याचा दंड चाचपला आणि विचारले, “कोण रं तू? वचन पाठ हाय का?”

शिष्याने आपले नाव सांगितले नाही. तो हळू आवाजात वचन म्हणू लागला, पण सवयीने भराभर.

“सावकाश म्हण, बाळा,” त्या म्हणाल्या, “कुणी मागं लागलंय का?”

त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुढे साहेब डोळे मिटून उभे होते, आणि आज त्यांनी लवकर आमेन म्हणू नये असे त्याला वाटले.