उतारावरची बाज

एके काळी एक वृद्ध बागायतदार डोंगराच्या कुशीत राहत असत. सगळे त्यांना आप्पा म्हणत. आंब्याची कलमे बांधण्यात त्यांचा हात असा होता, की लांबलांबचे तरुण ती विद्या शिकायला येत आणि दोन-चार वर्षे राहून आपापल्या गावी परतत. विश्राम नावाचा एक शिष्य मात्र परतला नाही. आप्पांचे गुडघे कुरकुरू लागले होते. त्यांना तसे सोडून जाणे त्याच्या जिवावर आले. तो मागे राहिला आणि हळूहळू सारी बाग त्याच्या अंगावर आली.

बाग सांभाळायची म्हणजे मुख्यतः गवत सांभाळायचे. पावसाळा सरला की उतारावर पुरुषभर गवत उभे राहते. वेळेत कापले नाही तर थंडीत वाळते, आणि वाळल्या गवतात वणवा पेटायला कुणाची तरी एक विडी पुरते. मागल्या साली शेजारच्या डोंगरावरची साठ कलमे एका दुपारीत राख झाली होती. गवत बेणायला पूर्वी खालच्या वाडीतून विळे घेऊन वीस माणसे येत. आता तीनसुद्धा मिळत नव्हती. तेव्हा आप्पा म्हणाले, "यंत्र घेऊ या. कुठलं घ्यायचं ते तू ठरव. चालवायचंही तुलाच आहे."

आता पंचविशीतल्या गड्याला यंत्र निवडायला सांगितले तर तो काय निवडणार? तालुक्याच्या मैदानावर शेतीयंत्रांचे प्रदर्शन भरले होते. तिथे एक छोटा ट्रॅक्टर उभा होता, लालभडक, मागे गवत कापायचे पाते जोडलेला. व्यापाऱ्याने विश्रामला वर बसवले, गळ्यात झेंडूचा हार घातला, आणि विश्रामने त्या सपाट मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरण्याआधीच त्याने शब्द देऊन टाकला, दसऱ्याच्या मुहूर्तावर ट्रॅक्टर दारात! संध्याकाळपर्यंत वाडीत पूजेची आमंत्रणेही गेली. मैदानावर पाहिलेली वस्तू आपल्याला डोंगरावर चालवायची आहे, हे गळ्यात हार असताना कुणाला सुचते?

दोन दिवसांनी व्यापाऱ्याचा चालक बागेच्या वरच्या अंगाच्या गाडीवाटेने ट्रॅक्टर घेऊन आला. आप्पा त्या दिवशी परगावी होते. विश्रामने उतारावर आडवा, जेमतेम दहा पावले ट्रॅक्टर चालवला. एकाएकी वरच्या अंगाचे चाक जमिनीवर टेकलेलेच नाही असे त्याला वाटले. खाली माणूसभर उंचीचा दगडी बांध होता आणि बांधाखाली विहीर. कसाबसा त्याने ट्रॅक्टर सरळ केला, खाली उतरला, घाम पुसला आणि चालकाला म्हणाला, "झकास आहे!"

हे 'झकास' त्याच्या चांगलेच अंगलट आले. दसरा जवळ येत होता, वाडीतली माणसे वाटेत अडवून ट्रॅक्टरची चौकशी करत होती, आणि याला अन्न गोड लागत नव्हते. सांगणार कुणाला? यंत्र त्यानेच निवडले, शब्द त्यानेच दिला, आणि भ्यालाही तोच. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी त्याची गत झाली.

दसऱ्याच्या चार दिवस आधी व्यापारी स्वतः आला. पूजा कुठे मांडायची ते त्याला बघायचे होते. ओटीवर चहा झाल्यावर आप्पांनी विचारले, "शेट, तुमच्या ट्रॅक्टरची रुंदी किती हो?"

"पात्यासकट चार फूट. अगदी आटोपशीर!"

आप्पांनी पडवीतली जुनी बाज अंगणात आणवली आणि सुतळीने तिची रुंदी मापली. चार फुटांना दोन बोटे कमी भरली. मग ते म्हणाले, "विश्राम, डोक्याकडून तू धर. शेट, पायाकडून तुम्ही. आता ही उचलून सगळी बाग फिरवून आणा. ट्रॅक्टर जिथे जिथे जायचा, तिथे तिथे न्या."

व्यापाऱ्याला वाटले, म्हातारा थट्टा करतोय. विश्रामला वाटले, वय झाले. पण आप्पांपुढे नाही म्हणण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. निघाली बाज! फाटकातून गेली, घराजवळच्या सपाटीवरही सुखाने फिरली. पुढे दगडी कुंपणातल्या वाटेवर मात्र अडली. दोघांनी ती तिरकी करून पलीकडे काढली. काठी टेकत मागून येणाऱ्या आप्पांनी सहज विचारले, "ट्रॅक्टर असा तिरका होतो का हो, शेट?" पलीकडे जुन्या कलमांच्या फांद्या जवळजवळ जमिनीला टेकल्या होत्या. त्यांच्याखालून बाजेसकट वाकून जाताना व्यापाऱ्याची टोपी फांदीलाच राहिली.

"आप्पा, मी यंत्रं विकतो हो. ही असली वरात आयुष्यात काढली नव्हती," तो धापा टाकत म्हणाला.

"झालंच. आता तेवढा उतार राहिला."

उतारावर, बरोबर बांधाच्या वरच्या अंगाला, आप्पांनी बाज टेकवायला सांगितली. चारही पाय जमिनीला लागले आणि जमीन कलली होती तेवढीच बाजही कलली. आप्पांनी धोतर सावरले, काठी गवतात ठेवली. "आता मी बसतो," ते म्हणाले.

"आप्पा, नका बसू!" विश्राम ओरडला आणि त्याने त्यांचा दंडच धरला. "कलंडेल ती! खाली विहीर आहे!"

"अरे, हातभर उंचीची बाज. कलंडली तर थोडं खरचटेल, एवढंच ना?"

"नको म्हणतो ना! इथे तोल जातो. मला ठाऊक आहे. मी स्वतः बसलोय इथे..." आणि तो थांबला.

विश्रामने दंड सोडला नाही, पण त्याची मान खाली गेली.

"ट्रॅक्टरवर बसलो होतो. वरचं चाक सुटतंय असं वाटलं. मला भीती वाटली, आप्पा. फार भीती वाटली. आणि मी वर 'झकास' म्हणून मोकळा झालो."

एवढे बोलून झाले आणि त्याच्या छातीवरचे ओझे कुणीतरी उचलून बाजूला ठेवावे तसे त्याला हलके वाटले. रडूही आले, त्याने ते लपवले नाही.

व्यापारी मटकन गवतात बसला. "अरे, मला सांगायचंस की बाबा! चालक म्हणाला, गिऱ्हाईक खूश आहे. मी मैदान बघून विकला, तू मैदान बघून घेतलास, आणि या डोंगराला कुणी विचारलंच नाही. सुटलो बुवा दोघंही!" मग कंबर चोळत तो आप्पांकडे वळला. "पण तुम्हाला हे कळलं होतं, तर सरळ नको म्हणायचं होतं. माझी कंबर तरी वाचली असती."

आप्पा हसले. "मी नको म्हटलं असतं तर याने ऐकलं असतं. ट्रॅक्टर टळला असता, पण भीती याच्या पोटातच राहिली असती, आणि वर म्हाताऱ्याने हौस मोडली असं झालं असतं. आठ दिवस हा उताराकडे पाठ करून जेवतोय, तेव्हाच मी ओळखलं. विश्राम, तू भ्यालास यात कमीपणा कसला? हे यंत्र इथे चालणार नाही, ही मोलाची गोष्ट तुझ्या अंगाला आधी कळली. ती तू टाळ्यांपायी दाबून ठेवलीस. स्वतःसाठी तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही, पण मी बसायला निघालो तेव्हा मात्र डोंगर दणाणून सोडलास. पुढे कधी अशी भीती वाटली, तर तिथे मी बसणार आहे असं समज आणि बोलून टाक."

त्यानंतर निवड करायला फारसा वेळ लागला नाही. उतारासाठी खांद्याला अडकवायचे ग्रास कटर आणि घराजवळच्या सपाटीसाठी हाताने ढकलायचे छोटे यंत्र घ्यायचे ठरले.

"ट्रॅक्टरने चार दिवसांत उरकेल त्याला पंधरा दिवस लागतील," व्यापाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले.

"लागू देत. पाय तर जमिनीवर राहतील," विश्राम म्हणाला. त्या दुपारी तो उताराकडे तोंड करून जेवला आणि दोनदा भात मागून घेतला.

दसऱ्याला वाडी लोटली. ट्रॅक्टरची पूजा म्हणून आलेल्या माणसांना पाटावर झेंडूच्या माळेत एक लांब दांड्याचे यंत्र दिसले. कुणीतरी मोठ्याने विचारले, "ट्रॅक्टर कुठाय रे? पळाला की काय?" सगळे हसले.

विश्रामने एकदा आप्पांकडे पाहिले. मग सर्वांसमोर म्हणाला, "उतारावर चालवून बघितला. भ्यालो. म्हणून नाही आणला."

पुन्हा थोडे हसणे झाले, प्रसाद वाटला गेला आणि माणसे पांगली. पलीकडच्या टेकडीवरचा सहदेव तेवढा रेंगाळला. दोन लेकरांचा बाप, विश्रामपेक्षा दहा वर्षांनी मोठा. तो जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "प्रदर्शनात तुला बघून मीही तोच नोंदवला होता रे. माझा उतार तर याहून वाईट. बायकोला रोज सांगतो, काही होत नाही." त्याने एक लांब श्वास सोडला. "उद्याच जाऊन नाव काढून घेतो."

तो पायवाटेने उतरू लागला. मैदानावर टाळ्या मिळाल्या होत्या तेव्हा काय वाटले होते, ते विश्रामने आठवून पाहिले. आता वाटत होते ते त्याहून कितीतरी निवांत होते.

आपण जी भीती लाजेपायी गिळून टाकतो, तीच दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायला मिळावी म्हणून शेजारचा माणूस थांबलेला असतो.