बेलचा दिवा

एकदा एक तरुणी पिशवीभर दिवे घेऊन आपल्या वृद्ध शिक्षकांच्या दारात उभी राहिली. तारा, चिमुकले सर्किट बोर्ड आणि काडेपेटीएवढे पडदे जोडून ते दिवे तिने स्वतःच बनवले होते. तिचं नाव ऋजुता. ती एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहीत असे. बाजारात एखादं नवं यंत्र आलं किंवा कुणी नवी प्रोग्रामिंगची भाषा काढली, की ती हाताळून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिने आयुष्यातला पहिला प्रोग्राम लिहिला, तो याच सरांच्या हाताखाली. सर आता निवृत्त झाले होते.

"सर, माझा फार गोंधळ उडालाय," चपला काढता काढता ती म्हणाली. "यातला कुठला दिवा आत्याला द्यावा, तेच कळत नाही."

तिची प्रमिलाआत्या दोन गल्ल्या पलीकडे एकटीच राहत असे. वयामुळे आत्याचे कान गेले होते. दाराची बेल तिला ऐकू येत नसे. आलेली माणसं वाट पाहून परत जात आणि आत्याला वाटे, आताशा आपल्याकडे कुणीच येत नाही. शेवटी तिने घर बंद करून बंगळूरला मुलाकडे जायचं ठरवलं. "कुणाला भेटण्यासाठी राहू गं इथे?" ती विचारी. तेव्हा ऋजुताने तिला शब्द दिला होता, की मी तुला असा दिवा करून देते, जो बेल वाजली की लागेल.

दिवा झालाही होता. पण तेवढ्यात एक नवा बोर्ड आला, म्हणून तिने त्यावर पुन्हा दिवा केला. मग नवी भाषा शिकली, म्हणून त्या भाषेत. मग मनगटावर थरथरणारं घड्याळ केलं. शेवटी दारातल्या माणसाचा चेहरा ओळखून पडद्यावर नाव झळकवणारा कॅमेराही जोडला. आत्या विचारी, "झाला का गं दिवा?" आणि ऋजुता म्हणे, "झालाच आहे आत्या, जरा सुधारतेय." आता आत्याची बॅग निम्मी भरून झाली होती.

सरांनी एकेक दिवा हातात घेऊन कौतुकाने पाहिला. नाव झळकवणारा पडदा तर त्यांनी लहान मुलासारखा उलटापालटा केला.

"छान आहेत गं सगळे. चालतात?"

"सगळे चालतात सर."

"हं," सर म्हणाले. मग त्यांनी पिशवीच्या तळाशी हात घालून सगळ्यात पहिला, चिकटपट्टीने बांधलेला ओबडधोबड दिवा बाहेर काढला.

"तो नको सर! तो अगदी कच्चा आहे."

"असू दे. आपल्या बेलला जोड हा."

तिने जोडला. दिवा फळीवर ठेवला. सरांनी आतून गवारीच्या शेंगांनी भरलेलं ताट आणून तिच्या पुढ्यात ठेवलं. कापसाचे दोन बोळे तिच्या हातावर ठेवून म्हणाले, "हे कानात घाल. आणि वरून हा मफलर बांध."

"सर, या उन्हात मफलर?"

"बांध म्हणतो ना. मी बाहेर जातो. तू गवार मोड. मी बेल वाजवली की दार उघड."

सर गेले. ऋजुता कान बांधून शेंगा मोडू लागली. तिला काहीच उमजेना. ही आपल्या धीराची परीक्षा म्हणावी, की सरांना नुसती भाजी निवडून हवी आहे? कानात विहिरीच्या तळासारखी शांतता होती. मधूनच ती मान वर करून दिव्याकडे पाही. दिवा विझलेलाच. सर कुणाशी बोलत उभे राहिले असतील, असं म्हणून ती पुन्हा शिरा काढू लागे. मग तिला शंका आली, दिवाच बिघडला असेल का? का सर आपल्याला विसरले? ताट रिकामं झालं, तरी सर आले नाहीत. अखेर तिने उठून दार उघडलं.

सर पायरीवर बसले होते. ओला रुमाल त्यांनी डोक्यावर घेतला होता.

"झोपली होतीस काय गं?" तिने बोळे काढल्यावर त्यांनी विचारलं.

"सर, तुम्ही बेल वाजवलीच नाही!"

"वाजवली नाही? अगं, समोरच्या बाई दोनदा बाहेर येऊन माझ्याकडे रागाने बघून गेल्या."

"मग दिवा लागला नाही."

"लागला. मी खिडकीतून पाहत होतो. दर वेळी लागला आणि बटणावरून बोट काढलं की विझला. तू शेंगांकडे पाहत होतीस."

ऋजुताला हे पटेना. "पण घरी हाच दिवा कितीतरी वेळा चालला सर! एकदाही चुकला नाही."

"घरी बटण कोण दाबत होतं?"

"मीच."

"आणि दिव्याकडे कोण पाहत होतं?"

"तेही मीच."

सर पायरीवरच सरकून बसले आणि तिला शेजारी बसवून म्हणाले, "तुझं एक बोट बटणावर आणि दोन्ही डोळे दिव्यावर. बेल कधी वाजणार, हे तुला आधीच ठाऊक. अशा माणसाला दिव्याची गरजच काय? तू शिकलीस ते वाया गेलं, असं मी म्हणणार नाही. नवं शिकण्याची तुझी हौस मला आवडते. पण यंत्रं बदलत गेलीस, भाषा बदलत गेलीस, स्वतःची बसायची जागा मात्र एकदाही बदलली नाहीस. जिला ठाऊक नाही कुणी येणार आहे, जिचे हात कामात आहेत, तिच्या जागी आज तू पहिल्यांदा बसलीस."

ऋजुताने हातातले बोळे खिशात ठेवले. मग हळूच म्हणाली, "पण सर, बोर्ड कुठला घेऊ?"

सर मोठ्याने हसले. "ते पुढचं पुढे. आधी आत्याला विचार, ती दुपारची असते कुठे."

सगळे दिवे पिशवीत भरून त्याच पावली ती आत्याकडे गेली. किल्ली तिच्याकडे होतीच. पुढच्या खोलीत पलंगावर उघडी बॅग पडली होती. तिने आत्याच्या कानाशी तोंड नेऊन प्रश्न विचारला.

"दुपारी?" आत्या मोठ्या आवाजात म्हणाली. "दुपारी मागच्या पडवीत वाती वळत बसते मी. पुढच्या खोलीत ऊन किती येतं! का गं?"

 सगळे दिवे ऋजुताने पुढच्या खोलीतल्या टीव्हीजवळ ठेवायचे म्हणून केले होते.

तिने तो चिकटपट्टीचा दिवाच घेतला. प्रोग्राममध्ये एवढाच बदल केला, की एकदा लागलेला दिवा पाच मिनिटं तरी विझू नये. मग तो बेलला जोडून पडवीत आत्याच्या समोरच्या खुंटीला अडकवला आणि स्वतः त्याच्याकडे पाठ करून आत्याजवळ कापूस पिंजत बसली. चालेल की नाही, तिला मुळीच सांगता येत नव्हतं. मागे वळून पाहण्याची इच्छा तिने कशीबशी आवरली. कानांत तिने बोळे पुन्हा घातले होते.

उन्हं उतरू लागली, तेव्हा आत्याने तिला कोपराने ढोसलं.

"अगं, हे काय पेटलंय? कुणी आलंय वाटतं!"

ऋजुता उठली नाही. आत्याच उठली, पदर सारखा करत, "आले, आले!" असं ओरडत पुढे गेली. दारात तिच्या भजनी मंडळातल्या निर्मलाकाकू उभ्या होत्या.

"उघडलंस बाई दार!" काकू तिच्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाल्या. "किती खेपा घातल्या आम्ही! शेवटी म्हटलं, प्रमिला रुसली."

"मी रुसले?" आत्या म्हणाली. "मीच म्हणत होते, तुम्ही सगळ्या मला विसरलात!"

दोघी एकमेकींचे हात धरून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मग आत्या पलंगाकडे गेली, बॅगेत हात घालून चाचपत राहिली आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या कपबश्या तिने एकेक करून बाहेर काढल्या.

"ऋजू, आधण ठेव चहाचं," ती म्हणाली.

ऋजुताने कानातले बोळे काढले. कुठली भाषा उत्तम, हे तिला अजूनही ठरवता आलेलं नव्हतं, पण त्याची घाईही आता उरली नव्हती. आपण दुसऱ्यासाठी केलेली वस्तू चालते की नाही, हे समजायला कधीकधी तिच्याकडे पाठ करून बसावं लागतं.