जोडातली टीप

“मग टीप मारायची तरी कुठं, खाला? या लुगड्यावर की त्या?”

जैनबी खालानं बशीतला चहा फुंकला. “तुला कुठं हवीय?”

“कुठंच नको. बरोबर जोडात हवी. पण ती तिथं बसतच नाही.”

“का गं?”

“तेच विचारायला आले ना…”

चंद्रकलाच्या शिवणाला गावात तोड नव्हती. तिची टीप दोरी धरल्यासारखी सरळ, असं बायका म्हणत, आणि चंद्रकलाही म्हणे. टेकडीखालच्या फकिरांच्या तकियात वाटसरूंसाठी गोधड्या शिवत बसणाऱ्या या म्हातारीपुढं आपण कधी काही विचारायला येऊ, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पण रेणूचं लग्न तोंडावर आलं होतं. लेकीसोबत द्यायच्या गोधडीत एक पट्टी आईच्या लुगड्याची, एक सासूच्या, अशी त्यांच्याकडची रीत. जांभळ्या-हिरव्या पट्ट्या जोडून झाल्या होत्या. खाली जुन्या धोतरांचे थर घालून झाले होते. आता ते सगळे थर धरून ठेवणारी टीप पट्ट्यांच्या जोडावरूनच अशी न्यायची होती, की वरून दोरा दिसू नये.

टीप आधी विहीणबाईंच्या हिरव्यावर चढली. चंद्रकलानं उसवली. मग आपल्याच जांभळ्यावर उतरली. तीही उसवली. हिरव्यावर एक टाका जरी दिसला, तरी विहीणबाई म्हणणार, तुझ्या आईनं मला टोचलं. आणि ते चंद्रकलाला नाही, रेणूला ऐकवणार. जन्मभर.

खालानं तिला आपल्या मशीनवर बसायला सांगितलं.

चंद्रकलानं सोबत आणलेल्या गोधडीचा जोड सुईखाली घेतला. दोन्ही लुगडी अंगठ्या-बोटांच्या चिमटीत एकमेकांकडे दाबून धरली आणि पायडल मारलं. दाबलेल्या जोडाचा उंचवटा झाला, आणि त्यावरून सुई पुन्हा हिरव्यावर घसरली.

“बकरू पळतंय का तुझं, एवढं आवळून धरायला?” खाला म्हणाली.

“घट्ट धरलं नाही तर दोन्ही दोन बाजूंना जातील.”

खाला उठून आली. चंद्रकलाचे हात बाजूला केले, जोडाच्या दोन्ही अंगांना आपली बोटं टेकवली आणि लुगडी चक्क एकमेकांपासून दूर ओढली.

“खाला, मी जोडायला आलेय. तुम्ही तर फाडायला निघालात.”

“फाटलं का?”

चंद्रकलानं वाकून पाहिलं. फाटलं नव्हतं. दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये एक बारीक चर पडला होता, आणि त्याच्या तळाशी आधीच्या शिवणीचा दोरा दिसत होता.

“आता तू धर. अशीच.”

तिनं बोटं टेकवली. ओढू की नको, कळेना. जवळ आणायचं तर लांब कशाला करायचं? पण विचारायची लाज वाटली. तिनं हलकेच ताण दिला आणि पायडल मारलं. सुई चरात उतरली ती चरातच राहिली. हिरव्याकडे गेली नाही, जांभळ्याकडे गेली नाही.

जोड संपला. चंद्रकलानं मशीन थांबवलं, पण बोटं तशीच ताणलेली ठेवून ती खाली बघत राहिली. चराच्या तळाशी पांढरा दोरा उघडा पडला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत. लग्नाच्या मांडवातसुद्धा लांबून ओळखू येईल असा.

तिचा चेहरा उतरला.

“खाला… ही तर सगळीच दिसतेय.”

“दिसणारच.”

“मग लपणार कधी?”

खाला पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसली. चहा गार झाला होता, तरी तिनं बशी उचलली.

“अगं, तू अजून ताणून धरून बसलीयस.”