वैद्यबुवांचा गुडघा

एकदा एका वृद्ध वैद्याच्या दारी चौघांनी एका मेंढपाळाला बाजेवर घालून आणलं. हृदयाकडून फुफ्फुसांकडे जाणाऱ्या त्याच्या वाहिन्या आकसल्या होत्या. असा रोगी वैद्यांनी पन्नास वर्षांत दोनदाच पाहिला होता. हलायचं नाही, असं आधी सगळ्यांनी बजावल्यामुळे तो दोन वर्षं पडून होता. त्याची मेंढरं आता त्याचा भाऊ पठारावर चारत असे. वारा तिकडून आला की घंटांचा आवाज यायचा आणि मेंढपाळ कूस बदलायचा.

वैद्यांनी औषध सुरू केलं. काही आठवड्यांनी त्याला उभं केलं आणि रोज सकाळी टेकडीच्या वाटेनं चालवू लागले. त्यांचा तरुण शिष्य सोबत असे. त्याला एक गोष्ट खटकायची. वनस्पतींसाठी डोंगर पालथे घालणारे गुरुजी इथं मात्र दर वीस पावलांनी गुडघा धरून दगडावर बसत. नाइलाजानं मेंढपाळही बसे. थोड्या वेळानं ते म्हणत, "हात दे रे बाबा." मग त्याच्या मनगटाला धरून उठत आणि उठल्यावरही मनगट लगेच सोडत नसत.

एके दिवशी वैद्यांना परगावी जावं लागलं. "मी चालवतो तसंच चालव," एवढं ते शिष्याला सांगून गेले. शिष्यानं मनाशी ठरवलं, या माणसाला आज पठार दाखवायचंच. वाटेत तो पुनःपुन्हा विचारत होता, दम लागला का? मेंढपाळ दर वेळी नाही म्हणत होता. एकेक दगड मागं पडला. वळणावर पठाराची कड दिसली, घंटा अगदी जवळ वाजल्या, आणि मेंढपाळाचे ओठ निळे पडून तो खाली कोसळला. त्याच बाजेवरून त्याला परत आणावं लागलं.

संध्याकाळी वैद्य आले. रोग्याची नाडी पाहून ते बाहेर ओट्यावर शिष्यापाशी बसले. शिष्याला मान वर करवेना.

"मी विचारत होतो, गुरुजी. तो नाही म्हणाला."

"पठार समोर असताना तो हो कसा म्हणेल? ज्याची इतकी ओढ आहे, त्यापुढं त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत नाही. तो आपण ऐकायचा. थांब म्हटलं की त्याला आपला रोग आठवतो, म्हणून मी थकतो. आणि उठताना नाडी मोजतो."

"मग तो पठारावर कधी पोचणार?"

"पोचेल की नाही, तेही मला ठाऊक नाही. आठ दिवस विश्रांती. मग पुन्हा पहिल्या दगडापासून."

नवव्या दिवशी वैद्यांनी मुद्दाम शिष्यालाच पाठवलं. वीस पावलं झाली आणि टाचेत काटा रुतल्याचं सांगून शिष्य दगडावर बसला. मेंढपाळ शेजारी टेकला.

"वैद्यबुवांचा गुडघा, तुमची टाच. या दगडालाच काहीतरी झालंय."

शिष्य ओशाळला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासनं. लंगडं मेंढरू कोणतं, एवढं कळतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

मेंढपाळानं पठाराकडे पाहिलं. "दोन वर्षं समदे मलाच उचलत होते. उठायला माझा हात मागणारे ते एकलेच."

मग त्यानं आपणहून मनगट पुढं केलं.

"धरा. सावकाश मोजा."

शिष्यानं डोळे मिटले. वर घंटा वाजत होत्या. त्याला आज फक्त बोटांखालची नाडी ऐकायची होती.