उजव्या हाताखालचा डबा

"मग माझं चुकलं कुठे, सर?"

आबा सुपारी कातरत राहिले.

कौस्तुभ सबनीसने ओसरीवरच्या तांब्याकडे पाहिलं. वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्याखाली एक कागद ठेवला होता. त्या कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, एक सोडून. विमान कंपनीच्या नियमात ही शेवटची सही कुठे लिहिलेली नव्हती. पण को-पायलटला कॅप्टन व्हायचं असेल, तर कॅप्टन दिनकर घोरपड्यांना, म्हणजे आबांना, भेटून यायचं, असा पायंडा पडला होता. त्यांच्या सहीशिवाय कागद पुढे सरकत नसे. म्हातारा निवृत्त होऊन साताऱ्याजवळच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या गावात येऊन राहिला, तरी पायंडा काही मोडला नाही.

कागद उद्या दहाच्या आत मुंबईत पोहोचायला हवा होता. नाहीतर पुढची तुकडी थेट आठ महिन्यांनी.

"पेपरात आलंय, सर. माझ्या आधीची दोन विमानं परत फिरली. मी उतरवलं. आडवा वारा, बत्तीस नॉट. विमानाची मर्यादा पस्तीस. म्हणजे नियमात बसत होतं."

"हं."

"प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या."

"कधी?"

"चाकं टेकल्यावर."

"रोज वाजवतात?"

"रोज कशाला वाजवतील?"

"तेच म्हणतो मी," आबा म्हणाले, आणि पुन्हा सुपारीला लागले.

हौसाबाई चहा घेऊन आल्या. त्या आबांचं घर सांभाळत, आणि वेळ पडली तर आबांनाही.

"आवो, करा की एकदाची सही! सकाळधरनं तोंड वाळवून बसलाय बिचारा." मग कौस्तुभकडे वळून म्हणाल्या, "मनावर घेऊ नका, सायेब. आमटीत मीठ कमी का जास्त, हे सांगायला ह्यांना दोन दिवस लागत्यात."

कौस्तुभ कसनुसं हसला. आतून मात्र तो चिडला होता. अकरा वर्षं विमान चालवलं, आणि आता सही एका पान खाणाऱ्या म्हाताऱ्यापाशी अडली होती.

"वाऱ्यामुळे कधी परत वर गेलायस?" आबांनी विचारलं. "उतरता उतरता?"

"माझ्या हातून? एकदाही नाही, सर." तो ताठ बसून म्हणाला. "अकरा वर्षांत एकदाही नाही."

"बरं..."

आबांनी कोपऱ्यातली काठी उचलून त्याच्या हातात दिली.

"मला पेपर वाचून कळत नाही. उतरवून दाखव."

"इथे?"

"इथे. काठी गुडघ्यांमध्ये उभी धर. हे तुझं सुकाणू. डावा हात त्याच्यावर." मग त्यांनी पानाचा पितळी डबा त्याच्या उजव्या बाजूला घोंगडीवर सरकवला. "हा थ्रॉटल. उजवा हात याच्यावर. आता डोळे मीट, आणि सांग."

काय पोरखेळ आहे, असं कौस्तुभच्या मनात आलं. पण सही हवी होती. त्याने उजवा हात डब्यावर ठेवला. थ्रॉटल पुढे ढकलला की इंजिनं जोर करतात आणि उतरणारं विमान पुन्हा वर चढतं. म्हणून चाकं टेकेपर्यंत हात तिथून हलवायचा नाही, हे पहिल्याच महिन्यात शिकवतात. त्याला आता ते कशाला शिकवायला हवं होतं!

"हजार फूट," तो म्हणाला. "वारा डावीकडून. नाक वाऱ्याकडे तिरकं धरलंय. धावपट्टी समोर नाही, काचेच्या उजव्या कोपऱ्यात दिसतेय."

"हं."

"पाचशे. शेजारी ट्रेनिंग कॅप्टन गप्प बसलेत. तीनशे..."

पठारावरचा वारा ओसरीच्या पत्र्यावर आपटत होता. डोळे मिटलेला कौस्तुभ हळूहळू तिथून निघून गेला.

"दोनशे. शंभर. झोत आला! डावा पंख उचलला... दाबला. पुन्हा उचलला. पन्नास. धावपट्टीच्या मधोमध नाही, सरकतोय... आणतो, आणतो मधे. तीस. नाक सरळ करतोय. आणखी एक झोत. नाही सोडणार... नाही सोडणार... टेकलं!"

त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्या दिवशी तो भ्याला होता. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्याने डोळे उघडले.

दोन्ही हात काठीवर होते. बोटं पांढरी पडली होती. उजवीकडे नुसती घोंगडी होती. डबा नव्हता.

आबा समोर मांडी घालून पानाला चुना लावत होते. डबा त्यांच्यापुढे उघडा पडला होता.

"सर, डबा..."

"मी कधी उचलला?"

कौस्तुभने आठवून पाहिलं. शंभरावर? पन्नासावर? झोत आला तेव्हा?

"माहीत नाही, सर."

"अगं बया!" हौसाबाई म्हणाल्या. "झाकण केवढ्यांदा वाजलं! मी आत दचकले की."

कौस्तुभने काठी बाजूला ठेवली.

"म्हणजे... मी उतरवायला नको होतं?"

"असं मी कुठे म्हटलं?"

"मग डबा का घेतलात?"

"रिकामा पडला होता, म्हणून घेतला." आबांनी विडा दुमडला. "पान खाणार?"

कौस्तुभने नकारार्थी मान हलवली. तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला. त्या दिवशीही हा हात असाच निघून गेला होता का? बहुतेक गेला होता. मागे एकशे ऐंशी माणसं होती, आणि उतरल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्यांची त्याला आता लाज वाटली.

त्याने तांब्या उचलला. खालचा कागद काढून घेतला आणि घडी घातली.

"आज नको, सर. परत येईन."

"आठ महिने जातील."

"जातील."

"घरी काय सांगशील?"

कौस्तुभ घुटमळला. घरी आईने पेढे आणून ठेवले होते. बायकोने सगळ्या नातेवाइकांना आधीच कळवलं होतं.

"सांगेन, परत फिरलो म्हणून."

आबा विडा गालात सारून चघळत बसले. कौस्तुभने वाकून नमस्कार केला, बूट घातले आणि कागद खिशात टाकून तो अंगण ओलांडू लागला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही.

"थांबवा की त्याला!" हौसाबाई कुजबुजल्या. "का पुतळा झाला तुमचा?"

फाटकाची कडी वाजली, तशी ओसरीवरून हाक आली.

"ए कौस्तुभ! इकडे ये. आणि पेन तुझंच आण. माझ्या पेनातली शाई केव्हाच वाळलीय."